मुलामा का सुटतो? एका धातूवर दुसरा धातू चढवताना घ्यावयाची काळजी

निकल-क्रोमच्या कामात सर्वांत महाग पडतो तो परत आलेला माल. मेहनत गेली, रसायन गेले, वीज गेली आणि गिऱ्हाइकाचा विश्वासही गेला. माल टाकीतून निघाला तेव्हा आरशासारखा चमकत होता. महिनाभरात त्यावर फोड आले, नखाने पापुद्रा निघू लागला. अशा वेळी कारागीर बहुधा टाकीला दोष देतो. निकल सॉल्ट बदलतो, ब्राइटनर जास्त ओततो, व्होल्टेज वाढवतो. पुढचा मालही तसाच सोलतो.

आमचे सांगणे एवढेच आहे की, मुलामा सुटण्याचे कारण दहापैकी बहुतेक वेळा टाकीत नसते. ते टाकीच्या आधीच्या तयारीत असते. ही तयारी प्रत्येक धातूसाठी वेगळी असते. जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यातल्या तीर्थपुरीसारख्या बाजारपेठेच्या गावात कारागिराच्या हाताखाली एकाच दिवशी लोखंडी हँडल, पितळी कर्णा, स्टेनलेसचे भांडे आणि जस्ताचा ओतीव नळ येऊ शकतो. या चौघांना एकाच पद्धतीने धुऊन एकाच टाकीत सोडले, तर त्यातले दोन नक्की सोलतील. म्हणून हा विषय आज सविस्तर घेत आहोत.

धातू धातूला धरतो म्हणजे काय?

हे समजायला आपल्या कल्हईवाल्यांचा जुना हुनर पुरेसा आहे. तांब्याचे भांडे राखेने-वाळूने घासले, भट्टीवर तापवले, त्यावर नवसागर टाकला, मग कथील फिरवून कापसाने पसरले. यात नवसागराचे काम काय? तापलेल्या तांब्यावर लगेच काळसर थर येतो. नवसागर तो थर खाऊन टाकतो आणि कथलाला उघडे, स्वच्छ तांबे मिळते. जिथे नवसागर पोचला नाही, तिथे कथील गोळा होऊन घसरते.

विजेच्या मुलाम्याचा नियमही तोच आहे. टाकीतला निकल हा उघड्या, स्वच्छ धातूवर बसला तर त्याच्याशी एकजीव होतो. मध्ये तेलाचा, गंजाचा, साबणाचा किंवा डोळ्यांना न दिसणारा थर राहिला, तर निकल त्या थरावर बसतो, धातूवर नाही. करंट दोन्ही वेळा वाहतो, चमक दोन्ही वेळा येते. म्हणूनच फसगत होते.

बिदरी कामाशी तुलना केली तर फरक लक्षात येईल. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, हे काम अनेक वर्षे होत आले आहे. त्यात जस्त-तांब्याच्या मिश्रधातूवर नक्षी कोरून त्या खोबणीत चांदी ठोकून बसवतात. तिथे चांदीला खोबण धरून ठेवते. विजेच्या मुलाम्याला खोबण नाही. त्याला आधार फक्त स्वच्छ पृष्ठभागाचा.

पापुद्रा उलटा करून पाहा

माल परत आला की पहिले काम रसायन बदलणे नव्हे. सुटलेला पापुद्रा चिमट्याने काढावा, उलटा करावा आणि त्याची खालची बाजू व मालाचा उघडा पडलेला भाग उजेडात पाहावा. दोष कुठल्या पायरीवर झाला ते तिथेच कळते.

१. पापुद्रा थेट मूळ धातूपासून सुटला असेल आणि खालचे लोखंड किंवा पितळ चकचकीत किंवा तेलकट दिसत असेल, तर बफिंगचे मेण अथवा तेल नीट निघालेले नाही.

२. खाली काळी किंवा तपकिरी भुकटी दिसली, तर गंज, रोलिंगची खपली किंवा ॲसिडमध्ये जास्त वेळ ठेवल्याने आलेली काजळी राहिली आहे.

३. लोखंडावरून तांब्याचा थर मऊ भुकटीसारखा निघत असेल, तर लोखंड थेट ॲसिड कॉपरच्या टाकीत गेले आहे.

४. पापुद्र्याच्या दोन्ही बाजू निकलच्याच असतील, म्हणजे निकलवरून निकल सुटला असेल, तर काम चालू असताना करंट तुटला होता किंवा जुन्या निकलवर तसाच नवा निकल चढवला आहे.

५. फक्त कडा आणि टोकांवरच सुटत असेल, तर करंट जास्त होता. कडेवरचा थर जळून ठिसूळ झाला.

६. फक्त झाळलेल्या सांध्यावरच सुटत असेल, तर झाळातील शिसे आडवे आले.

७. पापुद्र्याबरोबर मूळ धातूचा कणही निघून आला, तर मुलामा पक्का आहे, पण खालचे ओतकामच कच्चे आहे. हे गिऱ्हाइकाला दाखवून द्यावे. तो दोष आपला नव्हे.

लोखंड आणि साधे पोलाद

जालन्याच्या रोलिंग मिलमधून निघालेल्या सळई-पट्टीवर निळसर काळी खपली असते. ती घट्ट दिसते, पण तिच्यावर चढवलेला थर खपलीसकट निघतो. पॉलिशने किंवा हायड्रोक्लोरिक ॲसिड व पाणी सारख्या प्रमाणात घेऊन ती पूर्ण काढावी. खपली निघताच माल बाहेर काढावा. रात्रभर ॲसिडमध्ये पडलेले लोखंड काळे पडते, हायड्रोजन वायू शोषून घेते आणि पुढे फोड देते.

क्रम असा ठेवावा: बफिंगनंतर त्याच दिवशी मेण काढणे, कारण शिळे मेण कडक होते, मग गरम सोडा-कॉस्टिकची धुलाई, मग विजेची धुलाई. विजेच्या धुलाईत शेवटचा अर्धा-एक मिनिट लोखंड धन बाजूला जोडावे, म्हणजे काजळी सुटते. त्यानंतर दोनदा स्वच्छ पाणी, पातळ ॲसिडची बुडी, पुन्हा पाणी आणि ओले असतानाच निकलच्या टाकीत. मध्ये वाळू देऊ नये.

लोखंडाला तांबे द्यायचे असेल तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. मोरचुदाच्या ॲसिड टाकीत लोखंड घातले की करंट नसतानाही त्यावर तांबे जमते, कारण लोखंड विरघळते आणि तांबे त्याची जागा घेते. हे तांबे सैल असते. त्यामुळे आधी निकलचा पातळ, पण सर्वत्र पोचलेला थर द्यावा, मग तांबे, मग निकल, मग क्रोम. नळीच्या आत निकल पोचत नाही. म्हणून तोंडे रबरी बुचाने बंद करावीत, नाहीतर आतल्या लोखंडावर सैल तांबे जमून तिथून पापुद्रा सुरू होतो आणि टाकीही लोखंडाने बिघडते.

पितळ आणि तांबे

स्वच्छ पितळेवर निकल चांगला धरतो. मात्र पितळ विजेच्या धुलाईत ऋण बाजूला ठेवावे. धन बाजूला जास्त वेळ राहिले तर ते डागाळते आणि त्याचे जस्त सुटते. कॉस्टिकही सौम्य असावे. शेवटी सुमारे ५ टक्के सल्फ्युरिक ॲसिडची छोटी बुडी पुरते.

अडचण येते ती बँडवाल्यांच्या वाद्यांत. समजा, लग्नसराईच्या तोंडावर एखादा बँडमास्तर पितळी कर्णा घेऊन आला. नळ्या उत्तम पितळेच्या, पण सांधे शिसे-कथलाच्या झाळाचे. नेहमीप्रमाणे सल्फ्युरिकमध्ये बुडवले की शिशावर पांढरा, न विरघळणारा थर येतो आणि मुलामा सांध्यावरूनच सुटू लागतो. येथे १० टक्क्यांच्या आसपासचे फ्ल्युओबोरिक ॲसिड वापरावे. ते शिशाचा थर विरघळवते. मग धुऊन, तारेला करंट आधी जोडून, माल टाकीत उतरवावा. फ्ल्युओबोरिक ॲसिड अंगावर घातक आहे, हातमोजे-चष्म्याशिवाय हात लावू नये. खरादावर सहज कापली जावी म्हणून काही पितळेत मुळातच शिसे घातलेले असते. त्यालाही हाच उपाय.

पितळेवर चांदी किंवा सोने चढवायचे असेल तर मध्ये निकलचा थर द्यावा. थेट सोने दिले तर तांबे आणि जस्त हळूहळू सोन्यात शिरतात आणि दागिना काळवंडतो. गिऱ्हाईक त्याला मुलामा उडाला म्हणते. चांदीचेही तेच: साध्या चांदीच्या टाकीत पितळ सोडले की करंट लागण्याआधीच सैल चांदी बसते. म्हणून चांदी फार कमी व सायनाइड जास्त असलेल्या पहिल्या टाकीत करंटसह काही सेकंद देऊन मग मुख्य टाकीत न्यावे लागते. हे काम सायनाइडचे असल्याने त्याविषयी पुढे वेगळे लिहिले आहे.

जस्ताचे ओतीव, स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम

जस्ताचे ओतीव नळ, मुठी, कुलपांचे भाग हे वजनाला पितळेसारखे वाटतात, पण कानस मारली की आत पांढरे दिसते. हा धातू ॲसिड आणि कॉस्टिक दोन्हींत खाल्ला जातो. निकलच्या टाकीत थेट गेला तर टाकी आणि माल दोन्ही बिघडतात. त्याला आधी सायनाइड कॉपरचा भरीव थर लागतो. तो कमी पडला तर निकलचे पाणी छिद्रांतून आत शिरते आणि काही दिवसांत फोड येतात. शिवाय बफिंग जास्त केले तर ओतकामाची वरची घट्ट कातडी जाते आणि आतले छिद्राळ अंग उघडे पडते. लहान कारागिराने हे काम घरी करू नये, बाहेर द्यावे.

स्टेनलेसला गंज लागत नाही, कारण त्याच्यावर क्रोमियमचा अदृश्य थर सतत तयार होतो. तोच थर मुलाम्याला अडवतो आणि साध्या धुलाईने जात नाही. यासाठी सन १९३८ पासून वुड्स निकल या नावाने ओळखली जाणारी टाकी वापरात आहे: एक लिटर द्रावणात सुमारे २४० ग्रॅम निकल क्लोराइड आणि सुमारे १२० मिलिलिटर तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिड, गरम न करता, निकलचे ॲनोड लावून, दोन ते चार मिनिटे. यातले ॲसिड थर खाते आणि त्याच क्षणी निकल बसतो. तिथून बाहेर काढून चटकन धुवावे आणि लगेच मुख्य टाकीत न्यावे.

ॲल्युमिनियमवर हवेत क्षणात थर येतो. त्यावर आधी झिंकेटच्या द्रावणात जस्ताचा पातळ लेप द्यावा लागतो. तो काढून दुसऱ्यांदा दिला तर पकड वाढते. हेही प्रशिक्षित कारखान्याचे काम आहे.

जुन्या निकल-क्रोमवर नवे काम

मोटारसायकलचे जुने हँडल, सायलेन्सर यांवर पुन्हा चमक हवी असते. क्रोमवर निकल किंवा नवा क्रोम धरत नाही. क्रोम प्रथम पूर्ण उतरवावा. हायड्रोक्लोरिक ॲसिड व पाणी सारख्या प्रमाणात घेतले तर तो निकलवरून विरघळतो आणि द्रावण हिरवे होते. खालचा निकल एकाही ठिकाणी सुटत असेल तर सगळाच उतरवावा. ठिगळ लावून काम टिकत नाही. निकल पक्का असेल तरी तो सुस्त झालेला असतो. त्याला ऋण बाजूला विजेची धुलाई, ॲसिडची बुडी आणि वुड्स निकल असे करून जागे करावे, मग नवा निकल द्यावा.

वीज, पाणी आणि करंट

ग्रामीण भागात वीज मध्येच जाते. निकल चढत असताना काही सेकंद जरी करंट तुटला, तरी वरचा निकल सुस्त होतो. वीज आल्यावर काम तसेच पुढे चालू केले तर जुन्या आणि नव्या निकलमध्ये फट राहते आणि थर वहीच्या पानांसारखे सुटतात. हँगरचे संपर्क सैल असले तरी हेच घडते. वीज गेली तर माल बाहेर काढावा आणि वर सांगितल्याप्रमाणे पुन्हा जागा करूनच टाकीत घालावा. वीज जाण्याच्या वेळा ठाऊक असतील तर त्या टाळून टाकी भरावी.

आपल्या भागातील बोअरचे पाणी जड असते. त्यात साबण किंवा साबणयुक्त धुलाई मिसळली की चिकट साका मालावर बसतो. शिवाय त्यातील कॅल्शियममुळे निकलच्या टाकीत बारीक काटे येऊन काम खरखरीत होते. टाकी बनवायला आणि भर घालायला बॅटरीसाठी मिळते तसे डिस्टिल्ड पाणी वापरावे. धुण्यासाठी बोअरचे चालेल, पण शेवटचे धुणे शक्यतो गोड्या पाण्याचे असावे आणि ते पाणी रोज बदलावे.

करंट अंदाजाने देऊ नये, क्षेत्रफळ मोजून द्यावा. अडीच सेंटिमीटर व्यासाची आणि ६० सेंटिमीटर लांबीची नळी घ्या. तिचे बाहेरचे क्षेत्रफळ सुमारे ४७० चौरस सेंटिमीटर, म्हणजे ४.७ चौरस डेसिमीटर. दर चौरस डेसिमीटरला ४ अँपिअर धरले तर जवळपास १९ अँपिअर लागतील आणि १५ मिनिटांत साधारण १२ मायक्रॉन निकल चढेल. हाच थर घाईने पाच मिनिटांत चढवायला गेलो तर कडा जळतील. नेहमीची निकलची टाकी ५५ अंश सेल्सिअसच्या आसपास गरम आणि पीएच ४ च्या जवळ असावी. ब्राइटनर जास्त झाले तर चमक वाढते, पण थर ताठ होऊन तडकतो.

गिऱ्हाइकाला देण्याआधी परीक्षा

धुलाईनंतरची परीक्षा: माल पाण्यातून काढून तिरका धरावा. पाण्याचा पडदा अखंड राहिला तर तेल गेले. पाणी फाटून थेंब झाले तर धुलाई पुन्हा करावी. ही परीक्षा फुकट आहे आणि निम्मे नुकसान वाचवते.

मुलाम्यानंतरची परीक्षा: प्रत्येक खेपेला त्याच धातूची एक फालतू पट्टी मालाबरोबर टाकीत सोडावी. ती तुटेपर्यंत वाकवावी आणि तुटलेल्या कडेवर कानस आतून बाहेर, मुलाम्याच्या दिशेने चालवावी. थर उचलला गेला नाही तर काम पक्के. दुसरी रीत तापवण्याची: लोखंडी पट्टी ३०० अंशांपर्यंत, पितळ-तांबे २५० पर्यंत, जस्त किंवा झाळाचे काम १५० पर्यंत तापवून थंड पाण्यात टाकावे. कच्चा मुलामा लगेच फोड देतो. मुलाम्याची पकड तपासण्याच्या अशा पद्धती आयएसओ २८१९ या आंतरराष्ट्रीय मानकात दिलेल्या आहेत. मोठ्या कारखान्याचे काम घ्यायचे असेल तर ग्राहक त्याची विचारणा करू शकतो.

विष घरात आणू नका

सायनाइड आणि ॲसिड एकत्र आले की हायड्रोसायनिक वायू निघतो. तो काही श्वासांत माणूस मारतो. ॲसिडची बुडी आणि सायनाइडची टाकी एकाच लहान खोलीत असणे हाच धोका आहे. एक न धुतलेला हँगर पुरतो. वर सांगितल्याप्रमाणे लोखंड, पितळ आणि स्टेनलेसचे निकलचे काम सायनाइडशिवाय होते. तेवढेच आपण घ्यावे.

दुसरे विष क्रोमचे. क्रोमच्या टाकीची वाफ फुप्फुसाला कर्करोग देऊ शकते आणि पिवळे पाणी नाल्यात सोडले तर ते विहिरीत उतरते. पिण्याच्या पाण्यात क्रोमियमची भारतीय मर्यादा लिटरला फक्त ०.०५ मिलिग्रॅम आहे. ज्या गावाची तहान बोअरवर भागते, तिथे एका टाकीचे पाणी शेजाऱ्यांच्या लेकरांच्या पोटात जाते. विजेच्या मुलाम्याचा उद्योग प्रदूषणाच्या दृष्टीने लाल वर्गात मोडतो आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीशिवाय तो सुरू करता येत नाही. राहत्या घराच्या पडवीत हा धंदा थाटणे कायद्याने आणि माणुसकीने, दोन्ही प्रकारे चूक आहे.

मग गावच्या कारागिराने करावे काय? आमच्या मते कामाची वाटणी हा सर्वांत किफायतशीर मार्ग आहे. वाळूजला १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाल्यानंतर छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतींत सुट्या भागांचे अनेक लहान-मोठे कारखाने उभे राहिले आणि मुलाम्याचे कामही तिथे होते. तीर्थपुरीच्या कारागिराने दुरुस्ती, झाळकाम, खपली काढणे आणि बफिंग एवढे आपल्या हातात ठेवावे आणि टाकीचे काम संमती असलेल्या कारखान्यात पाठवावे. या लेखात सांगितले त्यापैकी बरेचसे दोष तयारीचे आहेत. ती तयारी ज्याला जमते, त्याचा माल कारखानदारही आनंदाने घेतो. माल पाठवताना चिठ्ठीवर स्पष्ट लिहावे: मूळ धातू कोणता, झाळ कुठे, पूर्वी मुलामा होता का, कोणते मेण लावले. ही चार उत्तरे नसतील तर कारखान्यातही तोच पापुद्रा सुटेल.

धातू ओळखायला चुंबक आणि कानस जवळ ठेवावी. चुंबक चिकटला तर बहुधा लोखंड. कानशीखाली पिवळे तर पितळ, पांढरे व मऊ तर जस्त किंवा ॲल्युमिनियम, आणि ॲल्युमिनियम हाताला हलके लागते. भांड्यांच्या नेहमीच्या स्टेनलेसला चुंबक सहसा चिकटत नाही, मात्र काही जातींना चिकटतो.

शेवटी धंद्याची एक गोष्ट. मालातला ऐब सांगून विकावा, ही आपल्याकडची जुनी शिकवण आहे. कच्च्या ओतकामावर मुलामा टिकणार नसेल तर तसे आधीच सांगावे आणि पावतीवर लिहावे. निकलला चांदी म्हणू नये, पाण्याएवढ्या थराला पक्के काम म्हणू नये. एक वही ठेवावी. त्यात तारीख, धातू, धुलाई, करंट, वेळ आणि पट्टीच्या परीक्षेचा निकाल लिहावा. सहा महिन्यांनी माल परत आला तर पापुद्रा आणि वही शेजारी ठेवून पाहावे. चूक कुठल्या पायरीवर झाली ते दिसेल आणि त्याच चुकीचे पैसे दुसऱ्यांदा मोजावे लागणार नाहीत.